वापरात नसलेली सेवा

मर्विन स्टोबोच्या घराचं मागचं दार लावताना जरा अडत असे. खांदा लावून ते रेटलं की चौकट दणकन वाजायची, आणि त्या आवाजाच्या पाठोपाठ, कधी भांड्यांच्या खळखळाटातून तर कधी रेडिओवरच्या बातम्यांवरून, एल्वाचा आवाज यायचा, “आलास का?” कागदाच्या गिरणीतून पाळी संपवून तो दमूनभागून यायचा तेव्हाही यायचा, आणि निवृत्तीनंतर नुसता टपालपेटीपर्यंत जाऊन आला तरी यायचा. मर्विनने या प्रश्नाला कधी उत्तर दिलं नव्हतं. दार वाजलंय, बूट आपटले जाताहेत, कोट खुंटीवर गेलाय, म्हणजे मीच आलो असणार, चोर काय पायावरचा बर्फ झटकून आत येतो की काय, असं त्याचं म्हणणं. नव्या लग्नात एकदा त्याने ते बोलूनही दाखवलं होतं. एल्वा हसली होती, आणि दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा विचारलं होतं. पुढे पुढे तो प्रश्न त्याच्या कानावर पडूनही त्याला ऐकू येईनासा झाला.

मर्विनचे कान तयार होते ते दुसऱ्या गोष्टींसाठी. समोरचा माणूस कुठल्या शब्दाला अडखळला, कुठे त्याचा आवाज नरम पडला, म्हणजे आता भावात किती खाली येणार, हे त्याला बरोबर कळायचं. कॅनडातल्या थंडर बे शहरातल्या एका डोनटच्या दुकानात, खिडकीजवळच्या टेबलाशी, गिरणीतले जुने लोक रोज सकाळी बसायचे आणि त्यांची एक रीत होती. ऑक्टोबरात, थँक्सगिव्हिंगच्या आगेमागे, प्रत्येकाने आपल्या घरचा इंटरनेट, फोन आणि टीव्हीचा मिळून महिन्याचा आकडा टेबलावर सांगायचा. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याची पुढच्या वर्षभराची कॉफी बाकीच्यांनी वाटून भरायची. मर्विनने कित्येक वर्षांत कॉफीसाठी खिशात हात घातला नव्हता.

खेळ तसा सगळ्यांना माहीत होता. कंपनी एका वर्षासाठी सवलत देते, वर्ष सरलं की मुकाट्याने भाव वर नेते, आणि मग आपण फोन करायचा. यंत्र विचारतं, काय हवंय? कितीही वेळा विचारलं तरी एकच शब्द म्हणायचा: बंद. तो शब्द ऐकला की यंत्र घाईघाईने आपल्याला एका वेगळ्या विभागाकडे देतं, ज्याचं काम जाणाऱ्या माणसाला धरून ठेवणं एवढंच असतं. त्या विभागाला कंपनीने नाव दिलं होतं निष्ठा विभाग. जे खरोखर निष्ठेने राहतात, दर महिन्याला सांगितले तेवढे पैसे भरतात आणि तक्रार करत नाहीत, त्यांचा या विभागाशी आयुष्यात कधी संबंध येत नाही. सेवेला स्वतःची अशी किंमत नसतेच. किंमत माणसाची असते, म्हणजे तो निघून जाण्याची भीती किती, त्याची. त्या हिशेबात बिचाऱ्या गरीब गायी सगळ्यांत महाग पडतात, त्याही स्वतःलाच.

एल्वा त्यांतलीच. तिचा मोबाईल कुठल्याशा जुन्या योजनेवर होता. त्यात मिळायचं थोडं आणि जायचं फार. “मी एक फोन करतो आणि निम्म्यावर आणतो,” असं मर्विन म्हणायचा, तर ती म्हणायची, “राहू दे रे. चाललंय की बरं.”

“चालू दे,” मर्विन तिला म्हणायचा, आणि हेच टेबलावर सांगून सगळ्यांना हसवायचा. “तुझ्यासारख्या भाबड्यांच्या जिवावरच आम्हाला सवलत मिळते.”

आणि ही विद्या त्याने काही कंपनीकडून उचलली नव्हती. ती त्याने आधी घरात पाजळली होती. मनासारखं झालं नाही की मर्विन जेवणावरून उठायचा, खुंटीवरच्या किल्ल्या काढायचा आणि म्हणायचा, “मग मी जातोच कसा.” जाऊन बसायचा कुठे, तर दारासमोर उभ्या असलेल्या स्वतःच्या पिकअपमध्ये, इंजिन चालू ठेवून. मग एल्वा सपातांवरच बाहेर यायची, गळ्याशी स्वेटर घट्ट धरून, आणि काचेवर बोटाने टकटक करायची. तो काच लगेच उतरवत नसे. ती काहीतरी सोडेपर्यंत थांबायचा. अशा थांबण्यातून एल्वाच्या बहिणीचं उन्हाळ्यात राहायला येणं बंद झालं, पियानो विकला गेला आणि त्याच्या जागी शिकारीतल्या मूस हरणाचं मांस ठेवायची मोठी फ्रीजपेटी आली, वाचनालयातली दुपारची नोकरी सुटली. मर्विन जाणार कुठेच नव्हता. हे त्याला ठाऊक होतं. एल्वालाही ठाऊक असेल का, हा विचार मात्र त्याच्या मनाला कधी शिवला नव्हता.

त्या वर्षी शेजारच्या घरात वेंडल प्रुइट राहायला आला. ड्रायडन गावात शाळेची बस चालवायचा, बायको वारल्यावर घर विकून इकडे आला होता. गिरणीतला जुना सोबती ऊर्हो त्याला टेबलावर घेऊन आला आणि नेमकी ती आकडे सांगायची सकाळ होती. एकेकाने सांगितलं. मर्विनने शेवटी, जरा वेळ घेऊन, कपाच्या कडेवरून म्हटलं, “ऐंशी.” सगळ्यांनी नेहमीसारखे सुस्कारे टाकले.

“आणि तू रे, वेंडल? तू किती भरतोस?” ऊर्होने नुसती चौकशी म्हणून विचारलं.

“पंचावन्न,” वेंडल म्हणाला.

“कशाचे? नुसत्या टीव्हीचे?”

“सगळ्याचे. नवीन ग्राहक म्हणून दिलं त्यांनी. मी काही मागितलं नव्हतं हो, फोनवरची बाईच म्हणाली.”

ऊर्हो टेबलावर हात आपटून हसला. “काढ पाकीट, मर्व! अरे, जन्मभर भांडून तू ऐंशीवर, आणि हा गडी नुसता दारात जाऊन उभा राहिला तर ह्याला पंचावन्न! उद्यापासून तूसुद्धा असाच भोळा चेहरा करून जात जा.”

वेंडल ओशाळून गेला. मर्विनच्या अंगाचा तिळपापड झाला होता, पण तोही हसला.

घरी येऊन त्याने फोन लावला तो स्वयंपाकघरातच, आणि आवाज मोठा करून ओट्यावर ठेवला, कारण अशा वेळी कुणीतरी ऐकणारं असलं की त्याला चेव चढायचा. एल्वा ॲपल पायसाठी सफरचंदं सोलत बसली होती. यंत्राने विचारलं, त्याने “बंद” म्हटलं, पुन्हा विचारलं, पुन्हा म्हटलं. थोडा वेळ तेच ते संगीत वाजलं आणि मग एक बाई बोलायला लागली. तिने आपलं नाव ओडेट सांगितलं. तिच्या बोलण्याला कुठल्याच गावाचा वास नव्हता.

“तुम्ही इतकी वर्षं आमच्यासोबत आहात, मिस्टर स्टोबो. तुम्हाला जाऊ देणं आम्हाला परवडणार नाही.”

“मग परवडेल असं काहीतरी बोला. माझा शेजारी पंचावन्नात घेतोय.”

“ते नवीन ग्राहकांसाठी आहे.”

“म्हणजे जुन्यांनी मरायचं?”

“तसं कुणी म्हटलेलं नाही,” ती शांतपणे म्हणाली. “तुमच्याकडे काय काय चालू आहे ते बघते. जे लागत नसेल ते काढलं तर मला आणखी खाली येता येईल. तळघरातला फोन वापरता?”

“नाही. पण तो काढला की पॅकेज मोडतं आणि भाव उलटा वाढतो. हे मला शिकवू नका, बाई.”

“बरोबर आहे,” ती म्हणाली, आणि तिला मनापासून बरं वाटल्यासारखं मर्विनला वाटलं. मग पलीकडे बटणांचा आवाज आला. “हे एक आहे इथे. फार जुनं. नावसुद्धा नीट दिसत नाहीये. तुम्ही या घरात आलात तेव्हापासूनचं असावं. एकाच बाजूने येतं. रोज येतं, दिवसातून कितीदा तरी. तुमच्याकडून उत्तर मात्र कधी गेलेलं नाही.”

“माल खपवणाऱ्यांचे फोन असतील.”

“असतील. तुमच्या वापरात आहे का?”

“काय आहे तेच मला माहीत नाही.”

“म्हणजे नाही. हे काढलं तर मी त्रेपन्नावर येऊ शकते. फक्त एक सांगायला हवं, ही सेवा आता आम्ही नव्याने कुणाला देत नाही. ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडे चालू राहते. एकदा काढली की परत मिळत नाही. काढू?”

त्रेपन्न. मर्विनला ऊर्होचा चेहरा दिसू लागला होता. “काढा की. त्यात विचारायचं काय?”

सफरचंदावरची सुरी थांबली.

“खात्यावर तुमच्या पत्नीचंही नाव आहे,” ओडेट म्हणाली. “त्यांची हरकत नसावी.”

“तिला काय विचारायचंय? तिची कशालाच हरकत नसते.”

“मी इथेच आहे,” एल्वा ओट्यावरच्या फोनकडे बघून म्हणाली. “माझी हरकत नाही.” आणि पुन्हा सफरचंद सोलू लागली.

दुसऱ्या दिवशी टेबलावर मर्विनने त्रेपन्नाचा आकडा असा काही टाकला की वेंडलनेसुद्धा टाळ्या वाजवल्या. त्या आनंदात त्याने बेकरीतून गुलाबी साखरेच्या पर्शियन पावांचा डबा घेतला, घरी आला, दार खांद्याने रेटलं, आणि एक बूट काढून दुसऱ्याच्या नाडीला हात घालत असताना तो तसाच वाकलेला थांबला. काहीतरी राहिलं होतं. गाडीचे दिवे चालू राहिले का, किल्ल्या दारातच राहिल्या का, असं त्याने मनाशी चाचपून पाहिलं. किल्ल्या हातात होत्या. आत पाणी वाहत होतं, बश्या एकमेकींवर ठेवल्या जात होत्या, रेडिओ हळू आवाजात चालू होता. तो कशाची तरी वाट बघत होता आणि कशाची ते त्याला सांगता येत नव्हतं.

तो स्वयंपाकघराच्या दारात गेला तेव्हा एल्वा दचकली. “अगं बाई! तू केव्हा आलास?”

“आत्ताच. दार वाजलं की.”

“हो का?” ती म्हणाली, आणि तिने डबा उघडून पर्शियनचं कौतुक केलं.

दोन-तीन दिवस त्याने ते सर्दीवर ढकललं. मग तो मुद्दामच आतबाहेर करू लागला, कधी कचरा टाकायला, कधी पाखरांचं धान्य बघायला, आणि दर वेळी दार आधीपेक्षा जोरात लावू लागला. चौकटीचा रंग उडाला. एल्वा बाहेर डोकावलीसुद्धा नाही. बाकी तिचं सगळं नेहमीसारखं होतं. वेळेवर जेवण, धुतलेले शर्ट, उशाशी पाण्याचा पेला. तक्रार करावी असं बोट ठेवण्याजोगं काही नव्हतं आणि मर्विनला तक्रारीवाचून दुसरं काही करता येत नव्हतं.

शेवटी एका संध्याकाळी त्याने काटा खाली ठेवला. “तू विचारायचं का सोडलंस?”

“काय विचारायचं?”

“मी दारातून आलो की. आलास का, म्हणून.”

एल्वा विचारात पडली. ती ढोंग करत नव्हती. निदान त्याला तरी तिच्या चेहऱ्यावर ढोंग सापडलं नाही. “असं विचारायचे मी?”

“रोज! लग्न झाल्यापासून!”

“बरं,” ती म्हणाली. “आणि तू काय म्हणायचास?”

 त्याने काटा पुन्हा उचलला. मांस गार झालं होतं.

नोव्हेंबर लागला आणि गोष्ट वाढत चालली. शेजारच्या खोलीतून तो काही म्हणाला तर एल्वापर्यंत ते पोहोचेना. मग एकाच खोलीत, तिची पाठ असताना, पोहोचेना. समोर उभा राहून बोलला तर ती उत्तर द्यायची, गोडच द्यायची, पण मध्ये एक फट पडायची. मर्विनची आई स्कॉटलंडला होती, त्या काळी तिला फोन केला की असंच व्हायचं. आपण बोलावं, मग समुद्रापलीकडे आपले शब्द जाईपर्यंत नुसती खरखर ऐकावी, आणि मग तिचं उत्तर यावं. इथे तर मध्ये समुद्र नव्हता, लोणी आणि पावाची बशी होती. तो विचारी, “उद्या बर्फ पडणार म्हणतात?” आणि एल्वा त्याच्याकडे बघत राही, हसतमुखाने, इतका वेळ की त्याला घाम फुटे, मग म्हणे, “हो, म्हणतात खरं.”

तो तिला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. डॉक्टरने तिला काचेच्या खोलीत बसवून तपासलं आणि बाहेर येऊन मर्विनच्या खांद्यावर हात ठेवला. “तुमच्या बायकोचे कान माझ्यापेक्षा चांगले आहेत, मिस्टर स्टोबो. तुम्हीच जरा मोठ्याने बोलत जा.”

टेबलावर फुकटची कॉफी समोर यायची आणि तिच्यावर साय धरायची. एकदा न राहवून त्याने विचारलं, “ऊर्हो, तू घरी गेलास की तुझी बायको काही विचारते का तुला?”

“विचारते ना. कुठे उलथला होतास, म्हणून विचारते.”

सगळे हसले. वेंडल हसला नाही. “माझी लॉरेन विचारायची,” तो म्हणाला. “बस लावून यायचो, तर जिन्यावरूनच ओरडायची. आणि मी पण ओरडायचो. आता घरात शिरलो की मीच कधीकधी मोठ्याने म्हणतो, आलो बरं का. वेडेपणा आहे, झालं.”

मर्विनने कप सरकवला. या माणसाचा त्याला पहिल्या दिवसापासूनच राग होता, आता तो डोक्यात जाऊन बसला.

पहिला मोठा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या दिवशी, उन्हं कलती झाली असताना, मर्विन गॅरेजमध्ये फावड्याचा दांडा बसवत होता. दार हातभर उघडं होतं. त्या फटीतून कुंपणाजवळ उभी असलेली एल्वा त्याला दिसत होती. पाखरांच्या पेटीत ती सूर्यफुलाच्या बिया भरत होती. पलीकडे वेंडलची गाडी येऊन थांबली, गाडीचं दार लागलं. एल्वाने मान वळवली नाही. हात पेटीतच ठेवून, दुसऱ्याच कशात तरी लक्ष असताना माणूस बोलतो तशा आवाजात, ती म्हणाली, “आलास का?”

“आलो, आलो,” वेंडल म्हणाला. “रस्ता फार निसरडा झालाय बघ आज.”

“चहा घेऊन शेक मग पाय.”

“घेतो.”

मध्ये कुठे फट नव्हती. एकाचं बोलणं संपायच्या आत दुसऱ्याचं सुरू होत होतं. वेंडल आत गेला, एल्वाने पेटीचं झाकण लावलं आणि ती घराकडे चालू लागली, गॅरेजवरून, मर्विनच्या अगदी समोरून. त्याने हाक मारली. ती गेली. मर्विन हातातल्या दांड्यासकट खाली बसला, रंगाच्या डब्यावर, आणि त्याला रडू आलं. ती विचारायची तेव्हा त्याला ते फुकट मिळत होतं, आणि फुकट मिळतं म्हणून त्याने ते कधी हातातसुद्धा घेतलं नव्हतं.

मग तो उठला, कारण असल्या परिस्थितीत काय करायचं ते त्याला येत होतं. तो तळघरात गेला. तिथला फोन इतक्या वर्षांत एकदाही उचललेला नव्हता. त्याच्यावर धूळ होती आणि एक हिरवा दिवा लुकलुकत होता. वर एल्वाला ऐकू जाऊ नये म्हणून त्याने दार ओढून घेतलं आणि आवाज खाली ठेवला. “बंद,” तो यंत्राला म्हणाला. “बंद. बंद.” संगीत वाजलंच नाही.

“बोला, मिस्टर स्टोबो,” ओडेट म्हणाली.

“ते जे काढलंत ना तुम्ही, ते परत लावा. काय लागतील ते पैसे लावा.”

“मी तेव्हाच सांगितलं होतं. ते आता देत नाही आम्ही.”

“माझ्या शेजाऱ्याला मिळतंय!”

“ते नवीन आहेत.”

“मग मलाही नवीन करा.”

“नवीन होण्यासाठी आधी सगळं सोडावं लागतं. सोडून काही काळ बाहेर राहावं लागतं. मग कधीतरी घेतात परत, कधी नाही. ते माझ्या हातात नसतं.” तिचा आवाज नरम होता, पण मर्विनला त्यात पुढे खाली येण्याची जागा कुठे सापडेना. शेवटचं हत्यार बाहेर काढायची वेळ झाली होती. आजवर ते कधी वाया गेलं नव्हतं.

“असं असेल तर मला तुमचं काहीच नको,” तो म्हणाला. “सगळं बंद करा. मी जातो.”

“ठीक आहे,” ओडेट म्हणाली. “कोणत्या तारखेपासून धरू?”

मर्विन थांबला. नेहमी इथे दुसरी बाजू बोलायची. एक मिनिट थांबा, म्हणायची, मी वरिष्ठांशी बोलते, म्हणायची, तुम्हाला जाऊ देणं आम्हाला परवडणार नाही, म्हणायची. तो वाट बघत राहिला. पलीकडे तीही शांतपणे वाट बघत होती, तारखेची. त्याने फोन ठेवून दिला आणि काही वेळ हात त्याच्यावर तसाच दाबून धरला.

तो वर आला तेव्हा एल्वा ओट्याशी बसून बटाटे सोलत होती. बाहेर झाकोळून आलं होतं आणि तिने दिवा लावला होता. तो तिच्या समोर, अगदी जवळ, जाऊन उभा राहिला.

“एल्वा. ते एकदा विचार.”

ती त्याच्याकडे बघत राहिली. घड्याळ चालू होतं, बटाट्याची साल सुरीवरून लोंबत होती. मग तिचं उत्तर आलं. “काय विचारू?”

“आलास का, असं.”

फट. पुन्हा ती फट.

“तू तर इथेच आहेस, मर्विन,” ती म्हणाली. “विचारायचं कशाला?”

बोलणं त्याचंच होतं. नव्या लग्नात, दारात बूट काढताना, त्याने तिला ऐकवलेलं. मर्विनचा तोल गेला. तिच्यापाशी गयावया करावी, तिचे हात धरावेत, असं एका क्षणी त्याच्या मनात आलंही होतं. पण त्याची त्याला सवय नव्हती, आणि तोंडातून आलं ते सवयीचं. “मग मी जातोच कसा,” तो म्हणाला आणि त्याने खुंटीवरच्या किल्ल्या ओढल्या.

या वेळी फट पडली नाही.

“ठीक आहे,” एल्वा म्हणाली. “कोणत्या तारखेपासून धरू?”

तळघराचं दार बंद होतं. तो हळू बोलला होता. मर्विनने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं; त्यावर राग नव्हता, सूड नव्हता, काम करताना माणसाच्या चेहऱ्यावर असते तेवढीच आपुलकी होती.

“आजपासून धर!” तो ओरडला.

“बरं,” ती म्हणाली, आणि मान हलवून तिने पुढचा बटाटा घेतला.

तो पिकअपमध्ये जाऊन बसला. इंजिन चालू केलं, काचा चढवल्या, आणि आरसा असा वळवला की मागचं दार दिसावं. स्वयंपाकघराच्या पिवळ्या खिडकीत एल्वाचं डोकं दिसत होतं. आता ती उठेल, सपाता घालेल, स्वेटर गळ्याशी धरेल. काचेवर टकटक झाली की तो या खेपेला लगेच काच खाली करणार होता, ती काही सोडायच्या आत. तो तिच्या बहिणीबद्दल बोलणार होता. पियानो परत आणू, म्हणणार होता. काचेवर आतून वाफ धरली, त्याने ती बाहीने पुसली, पुन्हा धरली. खिडकीतलं डोकं जागचं हललं नाही. शेजारी वेंडलच्या घरात दिवे लागले.

शेवटी मर्विनने इंजिन बंद केलं. त्याला कुठेच जायचं नव्हतं. त्याच्याकडे जायला जागाच नव्हती. बर्फातून चालत तो मागच्या दाराशी आला. दार अडलं. त्याने खांदा लावला, ते रेटलं, आणि चौकट दणकन वाजली.

तो उभा राहिला. आत पाणी उकळत होतं.

“आलो,” मर्विन म्हणाला. हा शब्द त्याने या दारात पहिल्यांदाच उच्चारला होता आणि तो त्याच्या तोंडात नीट बसला नाही. त्याने बूटसुद्धा काढले नाहीत, तसाच ओल्या पावलांनी स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेला आणि मोठ्याने म्हणाला, “एल्वा, मी आलो. आलो गं मी.”

एल्वाची सुरी थांबली. शेजारच्या कुणाच्या तरी घरात फोन वाजत असला की माणूस करतो तशी तिने मान किंचित वर केली, क्षणभर कानोसा घेतला, आणि आपल्याकडचा नाही हे कळल्यावर ती पुन्हा बटाटे सोलू लागली.